रसदेचा पर्वत

पन्हाळा ते पावनखिंड ही वाट ज्यांनी आषाढाच्या पावसात तुडवली आहे, त्यांना पाठीवरची पिशवी मजलेगणिक कशी जड होते हे निराळे सांगावयास नको. परंतु आपल्या कोल्हापूरची कन्या कस्तुरी सावेकर १४ मे २०२२ रोजी ज्या ८,८४९ मीटर उंचीच्या एव्हरेस्टवर उभी राहिली, तेथील ओझ्याचा हिशेब सर्वस्वी भिन्न आहे.

सुमारे ५,३०० मीटरांवरील तळछावणीपर्यंत रसद हमाल आणि याक पोहोचवितात; पुढे खुंबूच्या हिमप्रपातात जनावराचा निभाव लागत नाही, म्हणून तंबू, दोर, इंधन आणि प्राणवायूची नळकांडी शेर्पा मंडळी खेपांमागून खेपा करून एका छावणीतून दुसरीत चढवितात, आणि माथ्यावर प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम एकतृतीयांश उरत असल्यामुळे तेथे एकेक किलो मणाएवढा भासतो. १९५३ च्या ब्रिटिश मोहिमेच्या दिमतीस ३६२ हमाल होते. त्या मोहिमेत शिखरास पाय लागले ते दोघांचेच!

नेपाळ सरकारने २०१४ साली प्रत्येक एव्हरेस्टवीरावर आठ किलो कचरा खाली आणण्याचे बंधन घातले. पावनखिंडीच्या वाटेवर असे फर्मान निघण्याची वाट न पाहता, मित्रहो, भरून नेलेली बाटली रिकामी झाल्यावर तेवढी परत आणावी.