शटर बदलण्यापूर्वी हिशेब मांडा

बंगल्याच्या किंवा रो-हाऊसच्या गॅरेजचे शटर एकदा बसवले की बरीच वर्षे त्याकडे कोणी पाहत नाही. मग एके दिवशी ते अडते आणि घाईघाईत सगळ्यात कमी दर सांगणाऱ्याला काम दिले जाते. हा कमी दर पुढे महाग का पडतो?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सकाळचे साडेसहा वाजले होते. मुलाला शाळेत सोडायचे होते आणि स्कूटर गॅरेजमध्ये होती. मी वाकून शटर वर ढकलले. ते कमरेपर्यंत आले आणि वरच्या पेटीत काहीतरी धाडकन तुटल्याचा आवाज झाला. पुढच्याच क्षणी शटरचे सारे ओझे माझ्या दोन्ही हातांवर आले. मी घाबरून हात सोडले आणि मागे सरले. शटर खाली आदळले. मुलगा माझ्या मागे उभा होता म्हणून निभावले. एरवी तो अर्धे उघडलेले शटर पाहिले की वाकून आत पळतो.

खरे तर हे अचानक घडलेच नव्हते. सासूबाई चार महिन्यांपासून सांगत होत्या, ‘‘अगं, हे शटर हल्ली फार जड झालंय. दोन्ही हात लावले तरी हलत नाही.’’ दर वेळी आम्ही ‘तेल सोडू’ म्हणून वेळ मारून नेली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात तीन शटरवाले येऊन माप घेऊन गेले. तिघांनी तीन दर सांगितले. यजमानांचा कल अर्थातच सर्वांत स्वस्त दराकडे होता. पण कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर लक्षात आले की तिघे तीन वेगवेगळ्या वस्तूंचा भाव सांगत होते.

शटर जड का होते?

शटर म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या पत्र्याच्या लांब पट्ट्या. दोन्ही बाजूंच्या लोखंडी खाचांतून, म्हणजे गाईड चॅनेलमधून, त्या वरखाली सरकतात आणि वरच्या आडव्या पाइपवर गुंडाळल्या जातात. या पाइपमध्ये स्प्रिंगा असतात. शटर खाली ओढताना स्प्रिंग पिळली जाते आणि वर ढकलताना तीच उलगडून आपल्याला मदत करते.

ही मदत केवढी असते ते पाहा. १० फूट रुंद आणि ८ फूट उंच शटर म्हणजे ८० चौरस फूट, अर्थात सुमारे ७.४ चौरस मीटर. १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा असेल तर नुसत्या सपाट पत्र्याचे वजन ७० किलोच्या आसपास भरते. पट्ट्यांच्या कडा वळवलेल्या असल्याने प्रत्यक्ष वजन त्याहूनही जास्त असते. एवढे ओझे घरातील स्त्री एका हाताने उचलू शकते, ती केवळ स्प्रिंगच्या जोरावर. म्हणून शटर जड लागू लागले, मध्येच थांबेनासे झाले किंवा एका बाजूने तिरके वर जाऊ लागले तर तेलाची बाटली शोधू नका, कारागिराला बोलवा.

बदलायचे की दुरुस्त करायचे?

प्रत्येक वेळी पूर्ण शटर बदलण्याची गरज नसते. स्प्रिंग तुटली असेल आणि पट्ट्या धडधाकट असतील तर फक्त स्प्रिंगा बदलून काम भागते. मात्र सर्व स्प्रिंगा एकदमच बदलाव्यात. एक नवी आणि बाकीच्या थकलेल्या, अशी जोडी फार काळ टिकत नाही. गाडीचा धक्का लागून एखाददुसरी पट्टी चेपली असेल तर तेवढीच काढून नवी सरकवता येते, मात्र नव्या पट्टीचा आकार जुनीशी जुळायला हवा.

शटर सर्वांत आधी खालून कुजते. अंगण धुतलेले पाणी, पावसाचे उडालेले थेंब आणि साचलेला चिखल खालची जाड पट्टी व तिच्यावरच्या दोन-चार पट्ट्या खातात. गंज तेवढ्यापुरता असेल तर तो भाग बदलावा. पण स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकेच दाबल्यावर मधल्या पट्ट्यांनाही भोक पडत असेल, पट्ट्या एकमेकींतून निसटत असतील आणि गाईडही वाकले असतील, तर दुरुस्तीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. साधा ठोकताळा असा की दुरुस्तीचा खर्च नव्या शटरच्या निम्म्यापर्यंत जात असेल तर नवेच घ्यावे.

दर एक, बिल दुसरे

शटरचा दर चौरस फुटावर सांगतात. खरी मेख इथेच आहे, कारण हे चौरस फूट कुठून कुठपर्यंत मोजायचे ते प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो. कोणी भिंतीतील मोकळ्या जागेचे माप धरतो, तर कोणी गाईडमध्ये जाणारा भाग आणि वर गुंडाळला जाणारा भागही मोजतो.

एक उदाहरण घेऊ. पुढील दर केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. प्रत्यक्षातील दर लोखंडाच्या भावाप्रमाणे आणि गावाप्रमाणे बदलतात. समजा, पहिल्याने २२० रुपये दर सांगितला. पण १० बाय ८ फुटांच्या दारासाठी त्याने साडेदहा बाय साडेनऊ फूट माप धरले. म्हणजे जवळजवळ १०० चौरस फूट, रक्कम २२,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,९६० रुपये. एकूण २५,९६० रुपये. वरच्या गुंडाळीवरचे पत्र्याचे झाकण, रंग, बसवण्याची मजुरी आणि गाडीभाडे वेगळे.

दुसऱ्याने २७० रुपये दर सांगितला, पण मोकळ्या जागेच्या ८० चौरस फुटांवर आणि झाकण, रंग व मजुरीसह. रक्कम २१,६०० रुपये, जीएसटी ३,८८८ रुपये, एकूण २५,४८८ रुपये. चौरस फुटामागे ५० रुपये महाग वाटणारा माणूस शेवटी स्वस्त ठरला.

म्हणूनच दर विचारू नका, ‘सगळे धरून एकूण किती?’ असे विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. त्या कागदावर माप, पत्र्याची जाडी, स्प्रिंगांची संख्या, बॉल बेअरिंग, झाकण, कुलपाची सोय, रंग, जुने शटर काढण्याची मजुरी, भिंतीची डागडुजी आणि कर या साऱ्यांचा उल्लेख हवा. यात संकोच कसला? केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरपत्रकातही शटर, त्याचे बॉल बेअरिंग आणि साखळीची यंत्रणा यांचे दर वेगवेगळे दिलेले असतात.

बिल न घेतल्यास कर वाचेल, असेही कोणी सुचवेल. पण सहा महिन्यांनी स्प्रिंग गेली तर हमी कोणत्या कागदावर मागणार?

गेजचे गौडबंगाल

शटरवाला ‘अठरा गेज’, ‘वीस गेज’ असे आकडे फेकतो आणि आपण मान डोलावतो. लक्षात ठेवा, गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे सुमारे ०.९ आणि २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर. १८ गेजच्या एक चौरस मीटर सपाट पत्र्याचे वजन साधारण ९.४ किलो, तर २० गेजच्या पत्र्याचे सुमारे ७ किलो. म्हणजे १८ सांगून २० लावला तर पाव हिस्सा लोखंड वाचले, पण ते शटरवाल्याचे!

नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही. म्हणून पट्ट्या बसवण्यापूर्वी त्यांची जाडी मोजून दाखवायला सांगा. फॅब्रिकेशनच्या दुकानात जाडी मोजण्याचे साधन असतेच. ‘मोजून घेणार आहे’ एवढे आधीच सांगितले तरी पुष्कळ फरक पडतो.

पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असावा. मुंबई, कोकण, गोवा अशा खाऱ्या हवेच्या भागात तर साध्या लोखंडाचा विचारही करू नये. जिथे कापले किंवा वेल्डिंग केले तिथे जस्त जळते आणि गंजाला दार उघडे होते. अशा जागांवर जस्तयुक्त प्रायमर लावून घ्यावा. जस्ताच्या पत्र्यावर थेट ऑइलपेंट मारला तर त्याचे पापुद्रे निघतात, त्यासाठीही योग्य प्रायमर लागतो.

रोज उचलणार कोण?

आमच्या घरी हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला गेला. खरे तर तो पहिला असायला हवा होता. शटर निवडतात घरातील पुरुष आणि दिवसातून चार वेळा ते उचलतात सासूबाई, सूनबाई नाहीतर कामवाली बाई.

भारतीय मानक ब्युरोचे धातूच्या शटरांसाठी आयएस ६२४८ हे मानक आहे. त्यानुसार हाताने ढकलायचे साधे शटर ८ चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ८६ चौरस फुटांपर्यंत योग्य. बॉल बेअरिंग लावल्यास ही मर्यादा १२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १२९ चौरस फूट होते. त्यापुढे गिअर व साखळीची यंत्रणा हवी. एका मोटारीच्या गॅरेजचे शटर पहिल्या मर्यादेत बसते. दोन मोटारींसाठीचे १६ बाय ८ फुटांचे शटर मात्र १२८ चौरस फूट भरते. तिथे हाताने ढकलण्याचा आग्रह धरू नये. लहान शटरलाही बेअरिंगसाठी थोडे पैसे जास्त मोजलेले बरे, रोजच्या वापरात फरक जाणवतो.

घरात कोणाला पाठदुखी किंवा गुडघेदुखी असेल, तर मोटर ही चैन राहत नाही. मात्र मोटर घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. वीज गेली तर साखळीने किंवा हँडलने शटर उघडता आले पाहिजे. तसेच खाली येताना मध्ये मूल, कुत्रा किंवा गाडी आली तर थांबण्याची सोय हवी. जुन्या शटरलाही मोटर बसते, पण पट्ट्या कुजलेल्या असतील तर ती केवळ नासाडी.

इथे काटकसर नको

पिळलेल्या स्प्रिंगमध्ये मोठा जोर साठलेला असतो. घरच्या पान्याने ती सैल करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. स्प्रिंग तुटलेली असताना शटरला लाकडाचा टेकू देऊन खालून ये-जा करणेही तितकेच धोक्याचे. शटर पूर्ण खाली येऊ द्यावे आणि कारागीर येईपर्यंत हात लावू नये. मुलांना शटरला लोंबकळू देऊ नये.

आणखी एक खबरदारी. पूर्ण बंद शटरआड मोटारीचे किंवा स्कूटरचे इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा ठरतो. नवे शटर घेताना काही पट्ट्या जाळीच्या घेतल्यास हवा खेळती राहते, पण त्यामुळे इंजिन चालू ठेवण्याची मुभा मिळत नाही.

बसवून घेताना

जुने शटर ‘आम्हीच फुकट उचलून नेऊ’ असे शटरवाला उदारपणे म्हणतो. त्यात अर्धा क्विंटलहून अधिक लोखंड असू शकते. भंगारवाल्याकडे त्या दिवसाचा भाव विचारा आणि तेवढी रक्कम बिलातून वजा करून घ्या.

सर्व पैसे आधी देऊ नका. शटर बसल्यावर घरातील सर्वांत कमी ताकदीच्या माणसाला ते उघडायला सांगा. अर्ध्यावर सोडले तर ते साधारण जागच्या जागी थांबले पाहिजे. धाडकन खाली येत असेल किंवा झपकन वर जात असेल तर स्प्रिंगचा ताण नीट बसलेला नाही. तो दुरुस्त झाल्यावरच शेवटचा हप्ता द्या.

नंतरची निगा सोपी आहे. महिन्यातून एकदा गाईडमधील माती ब्रशने काढावी आणि खालची पट्टी कोरड्या फडक्याने पुसावी. स्प्रिंग व बेअरिंगला वर्षातून एकदा कारागिराकडून ग्रीस लावून घ्यावे. गाईडमध्ये मात्र जाड ग्रीस भरू नये, त्याला धूळ चिकटते आणि शटर अडते.

आम्ही शेवटी १८ गेजचे, बेअरिंग असलेले शटर घेतले. दर तिघांत सर्वांत जास्त होता, पण एकूण बिल मधले निघाले. शटर बसले त्या संध्याकाळी पैसे देण्यापूर्वी सासूबाईंना बाहेर बोलावले. त्यांनी सवयीने पदर खोचला, दोन्ही हात लावले आणि शटर सहज वर गेले. ‘‘एवढंच होतं तर चार महिने मला का दमवलंत?’’ त्या म्हणाल्या. यावर आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते.