काळ्या दगडाखालचा ज्वालामुखी : भीती किती, सावधगिरी कोठे?



फ्रीगंजच्या आसपास विहीर खोदताना काळा दगड लागतो, हे तुम्हांस ठाऊकच आहे. कोठे तो अखंड व घट्ट असतो, कोठे भोकाभोकांचा. हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. ती भोके म्हणजे रस थिजताना त्यात अडकलेल्या वायूचे बुडबुडे. आपली काळी माती याच दगडाची झीज होऊन तयार झाली. मग साहजिकच प्रश्न पडतो : येथील ज्वालामुखी पुन्हा जागा होईल काय?

तो लाव्हारस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलांब भेगांतून वाहिला. माळव्यापासून सह्याद्रीपर्यंत थरावर थर साचले. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते ही उष्णता पृथ्वीच्या पोटातील एका तप्त जागेतून आली. आपली भूमी त्यानंतर हळूहळू उत्तरेकडे सरकली; ती तप्त जागा मागे, हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली राहिली. त्या बेटावरचा ज्वालामुखी आजही पेटतो. आपल्या चुलीतला विस्तव मात्र केव्हाच विझला आहे.

धोका मोजताना तीन प्रश्न विचारावेत. संकट येण्याचा संभव किती? त्याच्या वाटेत कोण व काय आहे? आणि सूचना मिळाल्यास आपण वेळेवर हलू शकतो काय?

दोन उदाहरणे पाहा. अंदमानातील बॅरन बेटावर भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. दीर्घकाळ शांत राहून तो १९९१ साली पुन्हा पेटला. पण बेटावर वस्ती नाही; म्हणून संकट खरे असूनही माणसाला धोका थोडा. उलट कोलंबियातील आर्मेरो हे गाव डोंगरापासून चाळीसहून अधिक कि.मी. दूर होते. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी नेवादो देल रुईझ हा ज्वालामुखी पेटला, शिखरावरचे बर्फ वितळले व चिखलाचा लोंढा नदीच्या पात्रातून गावावर आला. वीस हजारांहून अधिक माणसे गेली. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता आणि लोंढा पोहोचण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागला. पण गाव हलविले गेले नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आले, तेथेच घात झाला.

आता हेच प्रश्न आपल्या गावाला लावू. ज्वालामुखीचा संभव आपल्या दृष्टीने नाहीच, असे धरून चालावे. कोकणातील गरम पाण्याचे झरेही लाव्ह्याचे नव्हेत. खोल गेलेले पाणी जमिनीच्या पोटातील उष्णतेने तापून वर येते. शेतात धूर दिसला वा माती वितळलेली दिसली, तर आधी वर पाहा. विजेची तार तुटून पडली असेल, तर त्या प्रवाहानेही माती वितळून काचेसारखी होते. तिला पाहावयास गर्दी करू नये. मुले व जनावरे दूर ठेवून वीज कार्यालयास कळवावे. येथे प्राण घेईल ती वीज, लाव्हा नव्हे.

दुसरा धोका भूकंपाचा. तो ज्वालामुखीमुळे होत नाही. पण आपला दगड कठीण आहे म्हणून जमीन हलणार नाही, असे समजू नये. लातूर जिल्ह्यातील किल्लारीही याच काळ्या दगडावर वसलेले. तेथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे भूकंप होऊन सात हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांतील पुष्कळशी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व मातीची जड छपरे अंगावर कोसळून. २२ मे १९९७ रोजी नर्मदेच्या खोऱ्यात जबलपूरलाही धक्का बसला. माळव्याच्या दक्षिणेस हीच नर्मदा आहे.

म्हणून यंदा घर वा गोठा बांधणार असाल, तर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतराने घाला. कोपरे नीट सांधा. दारे-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग सळईचा काँक्रीट पट्टा फिरवा. छपरावर दरवर्षी मातीचा थर चढवू नका. जुन्या घराची भिंत फुगली असेल, तर तिच्या कडेला कोणाचे अंथरूण घालू नका. विझलेल्या ज्वालामुखीची चिंता करण्यापेक्षा आज रात्री एवढे पाहून घ्या.