मुस्लिम विद्यार्थ्याच्या पाठीशी कोण?

काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात शिकवीत होतो. वसतिगृहाचे रेक्टरपदही माझ्याकडेच होते. परीक्षेच्या दिवशी सकाळी एक विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. पिंजाऱ्याचा मुलगा. बाप गाद्या भरायचा, तो रात्री वारला होता. "सर, दुपारी माती आहे. पेपर पण दुपारीच आहे. काय करू?" मी त्याला नियम सांगितला: पेपर चुकला तर पुढच्या परीक्षेत देता येईल. नियम बरोबर होता. मुलगा मातीला गेला तो परत आलाच नाही. बापाच्या जागी गाद्या भरायला बसला, असे पुढे कळले. त्याच्या गावी जावे, आईशी बोलावे, पुढच्या परीक्षेचा फॉर्म आपणच भरून घ्यावा, हे मला सुचले नाही. मी स्वतः महारवाड्यातून आलेला, वसतिगृहाच्या अन्नावर शिकलेला. तरीही सुचले नाही. आणि ते माझे काम आहे असे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते.

जगात काही ठिकाणी हे काम कागदावर लिहिलेले आहे. त्या पदाला चॅप्लेन म्हणतात. शब्द ख्रिस्ती परंपरेतला. पलटण, तुरुंग, इस्पितळ, महाविद्यालय अशा संस्थेत नेमलेला धर्मसेवक असा त्याचा अर्थ. नगरकरांना ही कल्पना अगदीच परकी वाटू नये. येथे चिलखती दलाचे केंद्र आहे, आणि भारतीय सैन्यात पंडित, ग्रंथी, पाद्री यांच्याबरोबर मौलवीही धर्मशिक्षक म्हणून रीतसर नेमला जातो. सैनिकाला ही गरज असते हे शासनाला मान्य आहे. घर सोडून आलेल्या अठरा वर्षांच्या पोराला ती नसते काय?

अमेरिकेतील जॉर्जटाउन हे जेझुइट पंथीयांचे, म्हणजे ख्रिस्ती, विद्यापीठ. त्याने १९९९ साली पूर्णवेळ मुस्लिम चॅप्लेन नेमला. पाठोपाठ हार्टफर्ड सेमिनरी या संस्थेने अशा कामाचे शिक्षण सुरू केले. म्हणजे नुसता नमाज पढवता येणे पुरेसे नाही. ऐकून कसे घ्यावे, शोकात बुडालेल्याशी कसे बोलावे, गुप्तता कशी पाळावी, हे शिकावे लागते. चॅप्लेन रमजानात खानावळीची वेळ बदलून घेतो, मयत झाली तर परीक्षा विभागाशी बोलतो. मुलीचे शिक्षण थांबवू पाहणाऱ्या बापाला भेटतो. ज्याची श्रद्धा डळमळली आहे त्याचेही ऐकतो, आणि त्याला धाक घालत नाही. स्त्रियाही हे काम करतात.

आपले कार्यकर्ते येथे हरकत घेतील. महाविद्यालयात मौलवी आणायचा काय? १९७० साली पुण्यात हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले ते कशासाठी? हरकत रास्त आहे. घटनेच्या २८ व्या कलमानुसार पूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि ते तसेच राहिले पाहिजे. परंतु धर्म शिकवणे वेगळे आणि विद्यार्थ्याची पाठराखण करणे वेगळे. पहिले काम महाविद्यालयाचे नव्हे. दुसरे मात्र त्याचेच आहे.

आणि ही पाठराखण आपल्याला परकी नाही. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था व बोर्डिंग उभे केले. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. वसतिगृह म्हणजे नुसती चार भिंतींची सोय नव्हती. तेथे पोराच्या पाठीवर हात ठेवणारे कोणीतरी होते. आज इमारती आहेत, रेक्टर आहेत, रजिस्टर आहे. तो हात मात्र राहिला नाही.

सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवीधर व पदविकाधारक मिळून चार टक्केही नव्हते. इतक्या थोड्यांतून एक गळणे म्हणजे काय, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मुस्लिम विद्यार्थी एकजिनसी नाही. पिंजारी, बागवान, शिकलगार, तांबोळी, तडवी या जातींतून तो येतो. डॉ. पायल तडवी मुस्लिम होत्या आणि आदिवासीही होत्या. मुंबईत वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मे २०१९ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. मोठ्या घराण्यातला मौलाना आणून बसवला तर अशा विद्यार्थ्याचे दुःख त्याला कळेलच असे नाही. नाव ऐकून खोली नाकारली जाणे आणि जात ऐकून ताट वेगळे मांडले जाणे, या दोन्ही गोष्टी ज्याला समजतात असा माणूस हवा. तो मुस्लिमच असावा असा माझा आग्रह नाही. पण मुस्लिम विद्यार्थ्याने त्याला निवडलेला असावा.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असे निर्देश दिले. येथे आपल्याला शिरकाव आहे. आपापल्या महाविद्यालयात जाऊन विचारा: समुपदेशक नेमला काय? तो दलित, आदिवासी, मुस्लिम पोरांच्या खोल्यांवर कधी गेला काय? रमजानात पहाटे सहरीला जेवण मिळते काय? आईबाप वारले तर परीक्षेसाठी लेखी सवलत आहे काय? सत्रात जो गळाला त्याच्या घरी कोण जाते? उत्तरे लिहून घ्या आणि प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा.

मी त्या मुलाच्या गावी गेलो, पण दोन वर्षांनी. त्याने चहा पाजला. तक्रार केली नाही. "सर, तेव्हा आला असता तर," एवढेच म्हणाला आणि पुन्हा कापसाकडे वळला.