दोन रेंज आणि एक शांतता



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं रेडिओलहरींवर काय बोलावं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आमच्याही मनात आला होता. म्हणून आम्ही आपल्या ओळखीच्या एका शब्दापासून सुरुवात करतो. तो शब्द म्हणजे 'रेंज'.

अहिल्यानगर जिल्ह्यात या शब्दाला दोन अर्थ आहेत. नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतल्या कित्येक गावांत 'रेंज' म्हटलं की के. के. रेंज, म्हणजे लष्कराचं सरावक्षेत्र. आणि सगळ्याच गावांत 'रेंज' म्हणजे मोबाईलची रेंज. ती गेली की माणूस फोन हातात धरून गच्चीवर जातो. या दोन रेंज एकमेकींच्या आड येऊ शकतात. कशा येतात, आणि आल्या तर कोणी किती सरकायचं, हा आजचा विषय.

ऑगस्ट २०२२ मधला एक आठवडा घेऊ. १ ऑगस्टला फाइव्ह-जीचा लिलाव संपला. त्यात ५१,२३६ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम विकला गेला आणि सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली आल्या. तीनच दिवसांनी, ४ ऑगस्टला, के. के. रेंजवर अर्जुन रणगाड्यातून लेझरच्या मार्गदर्शनानं जाणारी रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं डागली गेली. पुण्याच्या एआरडीई या प्रयोगशाळेनं इतर प्रयोगशाळांच्या साथीनं ती विकसित केली आहेत. दोन वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्यं त्यांनी अचूक भेदली. सरकारी पत्रकात आणखी एक साधं वाक्य होतं: उड्डाण समाधानकारक झाल्याची नोंद टेलिमेट्री यंत्रणांनी केली. दीड लाख कोटींचा आकडा लोकांच्या लक्षात राहिला. टेलिमेट्रीच्या वाक्यावर कोणी थांबलं असेल, असं वाटत नाही. आपण थांबू या.

टेलिमेट्री म्हणजे दूरमापन. चाचणीच्या क्षेपणास्त्रात किंवा विमानात ठिकठिकाणी संवेदक बसवतात. कुठं दाब मोजायचा, कुठं तापमान, कुठं कंपन, कुठं वळण्याचा वेग. ही सगळी मापं अंकांत बदलून, एका ओळीत गुंफून, छोट्या ट्रान्समीटरवरून त्याच क्षणी खाली पाठवली जातात. जमिनीवरची तबकडी ती टिपते. क्षेपणास्त्राचं उड्डाण काही सेकंदांचं, आणि शेवटी ते स्वतःच नष्ट होतं. उघडून बघायला काही उरत नाही. जे लहरींवरून आलं तेवढंच ज्ञान. विमानात तर माणूस बसलेला असतो. ४ जानेवारी २००१ रोजी बेंगळुरूला तेजस पहिल्यांदा उडालं, तेव्हा वैमानिक एकटा होता; पण खाली अभियंते पडद्यावर विमानाची नाडी पाहत होते. काही बिनसतंय असं वैमानिकाच्या आधी त्यांना कळू शकतं, आणि 'परत फिरा' असं ते सांगू शकतात.

आता अडचण कुठं येते? विमानातला ट्रान्समीटर काही वॅटचा. अंतर दहापट झालं की पोहोचणारी शक्ती शंभराव्या हिश्शावर येते. रात्री माळावर लांबच्या वस्तीवरचा कंदील दिसतो ना, तसं हे. शेजारी हॅलोजन लावला तर कंदील तितकाच जळत असतो, पण आपल्याला दिसेनासा होतो. मोबाईलचा टॉवर हा असा हॅलोजन. तो त्याच पट्ट्यात असला तर प्रश्नच मिटला. शेजारच्या पट्ट्यात असला तरी त्याचा उजेड थोडा कुंपणाबाहेर सांडतोच.

इथं आमचं जुनं शास्त्र उपयोगी पडतं. 'जमिनीवर घडा नाही' हे आपल्याला कसं कळतं? भाट्ट मीमांसक म्हणतात, अनुपलब्धीनं. म्हणजे तो दिसला नाही यावरून. पण त्यांची एक अट आहे. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, यावरून घडा नाही असं ठरत नाही. टेलिमेट्रीत नेमकं हेच होतं. पडद्यावर दोन सेकंद काही आलं नाही. यंत्र बिघडलं, की टॉवरच्या गोंगाटात निरोप हरवला? पट्टा शांत असेल तर 'काही आलं नाही' हीसुद्धा माहिती असते. गोंगाट असेल तर तो नुसता अंधार. म्हणून चाचणीला रेडिओची शांतता हवी. ती चैन नाही. तिच्याशिवाय मोजमापाला अर्थच राहत नाही.

मग ही शांतता द्यायची कोणी? १९९५ साली क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. आपल्या भाषेत, गावचं गायरान. त्याचे तुकडे निसर्गानं पाडलेले नाहीत, माणसांनी करारानं पाडलेत. अमेरिकेत २३६० ते २३९० मेगाहर्ट्झ हा उड्डाण-चाचणीचा जुना पट्टा. आपल्याकडे तोच भाग २०१० मध्ये लिलावात निघालेल्या मोबाईल ब्रॉडबँडच्या पट्ट्यात येतो. करार पुन्हा पुन्हा होतात. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत टेलिमेट्रीसाठी नवे पट्टे ठरले, कारण विमानं जास्त आकडे पाठवू लागली होती आणि जुन्या जागेत दाटी झाली होती. अमेरिका खंडातल्या बऱ्याच देशांना तेव्हा ४४०० ते ४९४० मेगाहर्ट्झ मिळाला. २०२७ च्या परिषदेपुढं ४४०० ते ४८०० हा भाग, आशियासह इतर खंडांसाठी, मोबाईलला देता येईल का असा प्रश्न आहे. म्हणजे ही गोष्ट जुनी झालेली नाही.

आता समोरच्या बाजूनं बोलू. के. के. रेंजच्या आसपासचा शेतकरी म्हणेल, 'सर, जमिनीच्या संपादनाची टांगती तलवार आमच्यावर, तोफांचे आवाज आम्ही ऐकायचे, आणि आता टॉवरही नको म्हणता? पोराचा ऑनलाइन अर्ज कुठून भरू?' हा आक्षेप खरा आहे. शांततेची किंमत असते आणि ती बहुधा शेजारी भरतो. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण आठवा. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. तिला बाधा येईल म्हणून पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगाव-संगमनेर मार्ग रेल्वे मंत्रालयानं बाजूला ठेवला, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातले संगमनेर-अकोलेकर रस्त्यावर आले. विज्ञान महत्त्वाचं आहे हे त्यांनाही मान्य असेल. पण 'आमचं काय' हा प्रश्न त्यानं मिटत नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, कुंपणाऐवजी फाटक हवं. चाचणी वर्षाचे सगळे दिवस नसते. ठराविक क्षेत्रात, ठराविक तासांपुरती टॉवरची शक्ती कमी करता येते, अँटेनाचं तोंड वळवता येतं, चांगले फिल्टर लावता येतात, गावाला आधी कळवता येतं. अमेरिकेनं २०१२ मध्ये त्याच २३६० ते २३९० पट्ट्यात रुग्णालयांतल्या रुग्णांच्या अंगावरच्या बिनतारी संवेदकांना जागा दिली. अट एवढीच, की इमारतीच्या आत वापरायचे आणि उड्डाण-चाचणीवाल्यांशी आधी समन्वय साधायचा. दोघांचं भागलं.

आपल्याकडे २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. संरक्षणासाठी लिलावाविना स्पेक्ट्रम देण्याची सोय त्यात आहे. एकाला दिलेला पट्टा, त्याला त्रास होणार नसेल तर, दुसऱ्यालाही वापरू देण्याची सोय आहे. आणि एक कलम असं आहे, की पुरेशा कारणाविना न वापरलेला स्पेक्ट्रम सरकार परत घेऊ शकतं. हे कलम रास्त आहे. लष्करानं किंवा कंपनीनं पट्टे नुसते अडवून ठेवू नयेत. पण सगळा वाद 'पुरेसं कारण' या दोन शब्दांत आहे. मोजणारा अधिकारी तास मोजेल. वर्षात इतकेच तास वापर, म्हणजे रिकामा, असं म्हणेल. गायरानात आठ महिने गवत वाढताना दिसतं, गुरं दिसत नाहीत. म्हणून ते पडीक ठरतं का? रिकामं आणि राखीव यांतला फरक तासांत मोजता येत नाही. ज्या घटकेला गरज पडते, त्या घटकेला ते नसेल तर काय गमावतो, यावर तो ठरतो.

तेव्हा दोन्ही बाजूंना दोन प्रश्न विचारावेत. राखणाऱ्याला विचारावं: किती, कुठं आणि किती वेळ, हे तू उघडपणे सांगतोस का? मागणाऱ्याला विचारावं: तुझा हॅलोजन थोडा वळवून काम भागत नाही का? पुढच्या वेळी गच्चीवर जाऊन फोन वर धराल, तेव्हा पलीकडच्या माळावर कुणाची तबकडी अशाच एका क्षीण आवाजाची वाट बघत असेल, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न असतील तर आता घेऊ.