विश्लेषण : थंडीआधी बोटीने फ्लोरिडा गाठताना ‘स्नोबर्ड’ वाटेत का अडकतात?

ऑक्टोबर उजाडला की अमेरिका आणि कॅनडाच्या ईशान्य किनाऱ्यावरून छोट्या खासगी बोटींची दक्षिणेकडे रांग लागते. बोटीवर बहुधा एखादे निवृत्त जोडपे, सोबत एखादा कुत्रा. मुक्काम फ्लोरिडा किंवा त्यापलीकडे बहामा. नकाशावर ही वाट किनाऱ्याला चिकटून जाणारी, सुरक्षित वाटते. तरीही दर वर्षी गाळात रुतलेल्या, इंजिन बंद पडलेल्या, नांगर सुटून वाहत गेलेल्या बोटींच्या कहाण्या ऐकू येतात. काही प्रवास तर तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरमध्ये संपतात. असे का होते?

‘स्नोबर्ड’ कोण आणि ते शरद ऋतूतच का निघतात?

हिवाळ्यात पक्ष्यांप्रमाणे उबदार प्रदेशात स्थलांतर करणाऱ्यांना अमेरिकेत ‘स्नोबर्ड’ म्हणतात. बहुतेक जण मोटारीने किंवा विमानाने जातात, काही जण आपली बोट घेऊन जातात. त्यांची पंचाईत अशी की फार लवकर निघता येत नाही आणि फार उशीरही चालत नाही. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. त्यामुळे हंगामात ठरावीक तारखेपूर्वी बोट दक्षिणेकडील पट्ट्यात नेली तर वादळाच्या नुकसानीची भरपाई मिळणार नाही, अशी अट अनेक विमा पॉलिसींमध्ये असते. दुसरीकडे, नोव्हेंबरात उत्तरेकडे पहाटे डेकवर बर्फाचा थर जमू लागतो. मधल्या काळात बोटी व्हर्जिनिया आणि मेरिलँडमधील चेसापीक उपसागरात जमतात. ऑक्टोबरात अॅनापोलिसचे बोट प्रदर्शन भरते, ते पाहायचे, सुटे भाग घ्यायचे आणि तारखेची वाट पाहायची, असा अनेकांचा शिरस्ता आहे.

‘इंट्राकोस्टल वॉटरवे’ म्हणजे काय?

व्हर्जिनियातील नॉरफोक हे या जलमार्गाचे शून्य मैल. तिथून मायामीपर्यंत सुमारे १,०९० मैल, म्हणजे साधारण १,७५० किलोमीटर. मुंबई ते गोवा हे अंतर तीनदा पार करण्याइतका हा पल्ला. नद्या, खाड्या, किनारी सरोवरे आणि त्यांना जोडणारे कालवे मिळून ही वाट बनली आहे. खुला समुद्र आणि बोट यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी वाळूच्या बेटांची भिंत असते. वाटेतील डिस्मल स्वॅम्प कालवा १८०५ मध्ये खुला झाला. दलदलीतून तो खणण्याचे काम मुख्यतः गुलामांकडून करून घेतले गेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या याच किनाऱ्याजवळ मालवाहू जहाजे बुडवत होत्या, तेव्हा या आतल्या वाटेचे महत्त्व वाढले. आता तिच्यावर हौशी बोटींचीच वर्दळ अधिक.

ताशी पाच-सहा सागरी मैलांच्या वेगाने दिवसाला सुमारे ८० किलोमीटर होतात. अंधारात या वाटेने जाणे शहाणपणाचे नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे जातात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळू लागतो. हिशेबाने तीन-साडेतीन आठवड्यांचा असलेला प्रवास त्यामुळे दीड-दोन महिन्यांचा होऊन बसतो.

मग आतल्या वाटेवर अडचण कसली?

पहिली अडचण पाण्याच्या खोलीची. नॉरफोकपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या मुख्य पट्ट्यात कागदोपत्री १२ फूट, म्हणजे साडेतीन मीटरहून थोडी अधिक खोली राखायची आहे. पण समुद्राकडे उघडणाऱ्या मुखांपाशी वाळू सतत सरकते. एका वादळात नवी दांडी तयार होते आणि गेल्या वर्षीचा नकाशा निरुपयोगी ठरतो. शिडाच्या बोटीचा तळ पाण्याखाली दीड ते दोन मीटर असतो. जॉर्जियात भरती-ओहोटीतील फरकच दोन ते अडीच मीटरचा. तिथे ओहोटी लागत असताना बोट रुतली तर ती आडवी कलंडते आणि पुढची भरती येईपर्यंत सहा-सात तास तशीच पडून राहते. भरतीच्या शिखरावर रुतणे याहून वाईट, कारण पुढच्या भरतीला पाणी तितके चढेलच याची खात्री नसते. म्हणून जाणते लोक अशा जागा अर्ध्या भरतीला, पाणी चढत असताना ओलांडतात. उत्तर कॅरोलायनातील आल्बेमार्ल आणि पाम्लिको या विस्तीर्ण उथळ जलाशयांत तर चंद्राची भरती जवळपास पोहोचतच नाही. तिथे पाणी वाऱ्याच्या हुकमाने चढते-उतरते. दोन दिवस एकाच दिशेने वारा सुटला की एका काठावरचे पाणी दुसऱ्या काठाला जाऊन बसते.

दुसरी अडचण वरची. या वाटेवरील स्थिर पुलांची उंची साधारण ६५ फूट धरली जाते. मायामीतील ज्युलिया टटल पूल मात्र ५६ फुटांचा. उंच डोलकाठीच्या बोटीला तिथे समुद्रात उतरण्याशिवाय पर्याय नाही. पाणी चढलेले असेल तर ६५ फुटांचा पूलही ६४ फुटांचा होतो आणि डोलकाठीच्या टोकावरची अँटेना तुटल्यावर ते कळते. उघडणाऱ्या पुलांची तऱ्हा वेगळी. काही पूल ठरलेल्या वेळीच उघडतात, काही जोराचा वारा असला की उघडतच नाहीत. उत्तर कॅरोलायनात कॅम्प लेज्यून या मरीन तळाजवळ तोफांचा सराव चालू असेल तर जलमार्ग बंद ठेवला जातो. सहलीच्या वेळापत्रकात हे कोण धरणार!

तिसरी अडचण इंजिनाची, आणि ती बहुतेक वेळा खराब हवेतच उद्भवते. याला दुर्दैव म्हणण्यात अर्थ नाही, त्यामागे साधे कारण आहे. डिझेलच्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे गाळ साचतो. शांत पाण्यात तो तळाशीच राहतो. बोट लाटांवर आपटू लागली की तो ढवळून वर येतो, फिल्टर तुंबतो आणि नेमके गरज असताना इंजिन बंद पडते. त्यात खेकड्यांच्या सापळ्यांचे दोर पंख्यात अडकण्याचा धोका आहेच. भरपाण्यात नांगर टाकून निर्धास्त झोपणेही कठीण. ओहोटीच्या नद्यांत दर सहा तासांनी प्रवाह उलटतो, बोट पूर्ण फिरते आणि नांगर उपटला जाऊन पुन्हा रुतावा लागतो. तो रुतला नाही तर पहाटे तीन वाजता शेजारच्या बोटीशी टक्कर ठरलेली.

अशा प्रसंगी ओढून नेणाऱ्या खासगी सेवा आहेत. मोटार बिघडल्यावर मदत करणाऱ्या सेवेप्रमाणे त्यांची वार्षिक वर्गणी असते. ती न भरता निघणाऱ्याला पहिल्याच रुतण्यात वर्गणीच्या कित्येक पट बिल येऊ शकते.

शरदातील हवा धोक्याची का?

या काळात साधारण दर काही दिवसांनी उत्तरेकडून थंड हवेची आघाडी येते. ती येण्यापूर्वी वारा नैर्ऋत्येकडून, ऊबदार आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तोंडावर वाहतो. आघाडी येताना गडगडाट आणि पावसाच्या सरी. ती सरकली की वारा वायव्येकडे आणि उत्तरेकडे वळून जोर धरतो. आभाळ मात्र स्वच्छ निळे होते. नवखा फसतो तो इथे. वारा पाठीशी आहे, ऊन पडले आहे, मग निघू या, असे त्याला वाटते. पण बाहेरच्या समुद्रात गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह ईशान्येकडे वाहत असतो आणि पृष्ठभागावर त्याचा वेग ताशी नऊ किलोमीटरपर्यंत जातो. उत्तरेचा वारा त्याच्या विरुद्ध दिशेने सुटला की लाटा आखूड, उंच आणि भिंतीसारख्या उभ्या होतात. हा प्रवाह केप हॅटरसपाशी किनाऱ्याच्या जवळ येतो आणि तिथेच डायमंड शोल्स नावाच्या वाळूच्या दांड्या समुद्रात दूरवर शिरल्या आहेत. या पट्ट्याला ‘अटलांटिकचे कब्रस्तान’ हे नाव उगाच पडलेले नाही. आतली वाट नॉरफोकपासून सुमारे २०० मैल आतून नेऊन नेमके हेच टोक टाळते.

‘बाउंटी’चे काय झाले?

ज्यांना आतली वाट संथ वाटते किंवा ज्यांची बोट तिच्यात मावत नाही, ते बाहेरून जातात. २५ ऑक्टोबर २०१२ च्या संध्याकाळी ‘बाउंटी’ हे तीन डोलकाठ्यांचे लाकडी जहाज कनेक्टिकटमधील न्यू लंडनहून फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गकडे निघाले. १९६२ च्या ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ या चित्रपटासाठी ते बांधले होते. त्या वेळी ‘सँडी’ चक्रीवादळ क्युबाला झोडपून उत्तरेकडे सरकत होते. वादळाचा अंदाज सर्वांना माहीत होता. जहाज बंदरापेक्षा समुद्रात अधिक सुरक्षित, असे कप्तान रॉबिन वॉलब्रिज यांचे मत होते. फ्लोरिडात ठरलेला कार्यक्रमही होता. ज्यांना उतरायचे आहे त्यांनी उतरावे, असे त्यांनी खलाशांना सांगितले. कोणीही उतरले नाही.

आधी पूर्वेकडून वादळाला वळसा घालण्याचा बेत होता. पुढे जहाजाने दिशा बदलली आणि ते वादळाच्या वाटेतून किनाऱ्याकडे वळले. जुन्या लाकडी सांध्यांतून पाणी शिरत होते, ते उपसणारे पंप कमी पडले, वीज गेली. २९ ऑक्टोबरच्या पहाटे केप हॅटरसच्या आग्नेयेला जहाज कलंडले आणि १६ जण पाण्यात गेले. एलिझाबेथ सिटीच्या तळावरून आलेल्या तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांनी १४ जणांना वर खेचले. एका महिला खलाशाचा मृत्यू झाला. वॉलब्रिज सापडलेच नाहीत. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये अहवाल दिला आणि वादळाच्या ठाऊक असलेल्या वाटेत जहाज नेण्याच्या कप्तानाच्या बेपर्वा निर्णयावर ठपका ठेवला.

‘बाउंटी’ मोठे जहाज होते, स्नोबर्डांची बोट नव्हे. पण चूक ओळखीची आहे. दक्षिणेतील विमानाचे तिकीट, बोटीवर भेटायला येणारी मुले-नातवंडे, नाताळाचे आरक्षण या तारखा ठरलेल्या असतात आणि हवेला त्यांच्याशी देणेघेणे नसते. २०१३ च्या नोव्हेंबरात चेसापीकमधून कॅरेबियनकडे निघालेल्या ताफ्यातील काही बोटींची सुकाणू आणि डोलकाठ्या मोडल्या आणि तटरक्षक दलाला धावावे लागले. तिथे कोणी वादळात शिरले नव्हते, हवेची आघाडी अपेक्षेहून जोरकस निघाली इतकेच.

नोव्हेंबरात तरी वादळांची भीती संपते का?

संपत नाही. १० नोव्हेंबर २०२२ च्या पहाटे ‘निकोल’ चक्रीवादळ फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हेरो बीचच्या दक्षिणेला धडकले. व्हेरो बीच हा स्नोबर्डांचा लाडका थांबा. तिथे आलेला लवकर हलत नाही म्हणून त्याला गमतीने ‘वेल्क्रो बीच’ म्हणतात. तारीख उलटली म्हणून निर्धास्त झालेल्यांना त्या वर्षी पुन्हा शिडे उतरवून दुहेरी दोर बांधावे लागले. वादळ गेल्यावरही वाट लगेच खुली होत नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात ‘मॅथ्यू’ने आणलेल्या पुरानंतर झाडे आणि गाळ साचून डिस्मल स्वॅम्प कालवा बंद ठेवावा लागला होता.

त्या कालव्याच्या दक्षिणेला एलिझाबेथ सिटी लागते, जिथून ‘बाउंटी’च्या मदतीला हेलिकॉप्टर निघाले तेच गाव. १९८३ पासून तिथे एक प्रथा आहे. दोन स्थानिक रहिवाशांनी धक्क्याला लागलेल्या बोटींवरील महिलांना गुलाब द्यायला सुरुवात केली आणि पुढे गावाने ती चालू ठेवली. पुढच्याच टप्प्यात आल्बेमार्लचे पाणी ओलांडायचे असल्याने बोटी इथे चार-चार दिवस हवेची वाट पाहत थांबतात.

बहामाला जाणाऱ्यांची शेवटची प्रतीक्षा फ्लोरिडात. मायामीहून बिमिनी बेट जेमतेम ८० ते ९० किलोमीटर, सकाळी निघाले तर संध्याकाळच्या आत पोहोचता येते. पण मध्ये तोच गल्फ स्ट्रीम आडवा वाहतो. वाऱ्यात उत्तरेचा अंश असेल तर निघायचे नाही, हा तिथला नियम. डिसेंबरात आघाड्या एकामागून एक येऊ लागल्या की अनुकूल दिवस आठवड्यात एखादाच मिळतो, कधी तोही नाही. तोवर बोटी नांगरावर ताटकळतात आणि रोज पहाटे रेडिओवरचा हवामान अंदाज ऐकून चहा ठेवला जातो.