जोड कोण होती?

उज्जैनच्या माधव नगरात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या फ्रीगंजमध्ये, बॉक्सिंगचा विषय निघाला की मोहम्मद अली आणि माइक टायसन ही दोन नावं येतातच. मग थोर कोण, यावर वाद रंगतो. हे शहर मल्लखांबाचं. इथल्याच योगेश मालवीय यांना मल्लखांबाच्या प्रशिक्षणासाठी २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. शिंद्यांच्या काळापासून इथे रुजलेल्या मराठी घरांना आखाडा आणि तालीम नवी नाही. तालमीत पैलवानाची योग्यता ठरवताना जुनी माणसं आधी एकच गोष्ट विचारतात: जोड कोण होती, म्हणजे समोर लढायला कोण होता? बॉक्सिंगबद्दल बोलताना आपण नेमका हाच प्रश्न विसरतो. पुढचे बहुतेक गैरसमज त्यातूनच आलेले आहेत.

गैरसमज १ : जो कधीच हरला नाही, तोच सर्वश्रेष्ठ.

वस्तुस्थिती : रॉकी मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ मध्ये निवृत्त झाला. फ्लॉइड मेवेदरने ५० पैकी ५० जिंकल्या. दोघेही मोठेच. पण जाणकारांच्या याद्यांत अनेकदा सर्वांत वर असतो तो शुगर रे रॉबिन्सन, आणि तो १९ वेळा हरला आहे. ओळीने चाळीस लढती जिंकल्यानंतर फेब्रुवारी १९४३ मध्ये त्याच्यापेक्षा वजनाने भारी असलेल्या जेक लामोटाने त्याला पहिल्यांदा हरवलं. तीनच आठवड्यांनी रॉबिन्सन त्याच लामोटासमोर पुन्हा उभा राहिला आणि जिंकला. दोघांत एकूण सहा लढती झाल्या, त्यांतल्या पाच रॉबिन्सनच्या. त्याचे बरेचसे पराभव चाळिशी उलटल्यानंतरचे आहेत. नुसता १९ हा आकडा वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

अजिंक्य राहिलेल्या गामा पैलवानाचंही तसंच. त्याचं नाव जगभर झालं ते १९१० मध्ये लंडनला झिबिस्कोसारखा जगज्जेता दर्जाचा मल्ल समोर होता म्हणून. ती कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ मध्ये पतियाळाला गामाने त्याच झिबिस्कोला मिनिटभरात अस्मान दाखवलं.

गैरसमज २ : ज्याचा ठोसा भारी, तो थोर.

वस्तुस्थिती : ठोशाची ताकद दंडात नसते. ती तळपायापासून निघते, कंबरेतून वळते आणि खांद्यातून मुठीत उतरते. मल्लखांबावर चढणाऱ्या पोराला हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि ही ताकद कमावली तरी ती थोरवीचा एक भागच असते. फेदरवेट जगज्जेता विली पेप २२९ लढती जिंकला, पण त्यांत नॉकआउट फक्त ६५. त्याची विद्या होती ठोसा चुकवण्याची. जानेवारी १९४७ मध्ये विमान अपघातात त्याच्या पाठीचा कणा मोडला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये तो रिंगणात परतला.

याच्या उलट, ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासाला अलीसमोर उतरलेल्या जॉर्ज फोरमनच्या नावावर ४० विजय होते आणि त्यांपैकी ३७ नॉकआउट. अलीने दोराला टेकून त्याला मारू दिलं, त्याचा दम संपवला आणि आठव्या फेरीत त्याला खाली पाडलं. ताकदीवर डोक्याने केलेली ही मात होती.

गैरसमज ३ : पट्टे जितके जास्त, तितका बॉक्सर मोठा.

वस्तुस्थिती : एके काळी मुख्य वजनगट आठ होते आणि सहसा प्रत्येक गटात एकच जगज्जेता मानला जाई. आज सर्वमान्य गट १७ आहेत आणि जगज्जेतेपद देणाऱ्या प्रमुख संघटना चार. म्हणजे एकाच वेळी अडुसष्ट पट्टे वाटले जाऊ शकतात. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट ही तीन जगज्जेतेपदं एकाच वेळी राखली होती. त्या काळच्या आठांपैकी ही तीन, म्हणून त्यांचं मोल आजच्या तीन पट्ट्यांहून कितीतरी जास्त आहे. मॅनी पॅकियाओने आठ वजनगटांत जगज्जेतेपद मिळवलं. पण त्याची खरी कमाई म्हणजे त्याने हरवलेल्यांची नावं: बरेरा, मोरालेस, मार्केझ, कोटो.

गैरसमज ४ : खरा बॉक्सर हेवीवेटच.

वस्तुस्थिती : १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारे कुस्तीगीर खाशाबा जाधव बँटमवेटचे होते. त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणत. मराठी माणसाला तरी थोरवी वजनकाट्यावर मोजायची गरज पडू नये. वजनाचा फरक बाजूला ठेवून कौशल्य तोलण्याची ‘पाउंड फॉर पाउंड’ ही कल्पना बॉक्सिंगमध्ये रुळली, ती मुख्यतः रॉबिन्सनच्या नावाशी जोडूनच.

आपल्याकडे याचं सर्वांत मोठं उदाहरण मेरी कोम. २००२ ते २०१८ या काळात तिने सहा जागतिक सुवर्णपदकं जिंकली. ती ४५ ते ४८ किलोंच्या गटांत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी सर्वांत हलका गटच ५१ किलोंचा होता. ती आपल्याहून थोराड मुलींशी लढली आणि कांस्यपदक घेऊन आली. सहावं सुवर्ण जिंकलं तेव्हा ती तीन मुलांची आई होती.

गैरसमज ५ : मरेस्तोवर मार सोसणं हीच खरी थोरवी.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सर्वांत घातक आहे, कारण तो कोवळ्या पोरांच्या डोक्यात बसतो. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाजवळ अली आणि जो फ्रेझर तिसऱ्यांदा भिडले. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरचे डोळे सुजून जवळपास मिटले होते. त्याला पंधरावी फेरी खेळायची होती. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. त्या रात्री फ्रेझर हरला, पण वस्ताद चुकला नाही. अली मात्र १९८१ पर्यंत खेळत राहिला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचं निदान झालं. बॉक्सिंगची कला मार न खाता मारण्याची आहे, आणि कधी थांबायचं ते सांगणारा माणूस कोपऱ्यात असणं हाही त्या कलेचाच भाग आहे.

अली पाच वेळा हरला. त्यांतल्या पहिल्या तिघांना, म्हणजे फ्रेझर, नॉर्टन आणि स्पिंक्स यांना, त्याने पुढे हरवलंही. फ्रेझर नसता तर अलीला आपण आज इतकं थोर मानलं असतं का? आणि अली नसता तर फ्रेझरला? म्हणून माधव नगरातला एखादा मुलगा किंवा मुलगी हातात ग्लोव्हज घालायला निघाली, तर तिला कुणाच्या विजयांची संख्या पाठ करायला लावू नका. तिला तोलामोलाची जोड शोधून द्या, हरली तर पुन्हा त्याच जोडीसमोर उभं राहायला शिकवा, आणि वेळ येईल तेव्हा लढत थांबवण्याची हिंमत आपल्यात ठेवा.