हरियल आणि त्याचा भाऊबंद

मागच्या वर्षी मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या गावी घरामागच्या वडावर हिरव्या कबुतरांचा थवा उतरला. मी लगेच विद्वत्ता पाजळली, "हे हरियल. महाराष्ट्राचा राज्यपक्षी!" काका नुसते हसले. म्हणाले, "पाय बघितलेस का रे?"

पक्ष्याचे पाय कोण बघतो! पण बघितले. तांबडे होते.

हरियलाचे पाय हळदीसारखे पिवळे. वडावर होते ते त्याचे भाऊबंद, राखी कपाळाचे हिरवे कबूतर. दोघे एकाच 'ट्रेरॉन' प्रजातीतले. या दुसऱ्याच्या शास्त्रीय नावातल्या 'अफिनिस' शब्दाचा अर्थच मुळी 'नात्यातला' असा आहे. हरियल सुमारे ३३ सेंटीमीटर लांब, हे २८च्या आसपास. हरियलाच्या खांद्यावर जांभळट डाग असतो आणि नर-मादी जवळजवळ सारखेच दिसतात. याच्या नराची पाठ मात्र आमसुलाच्या रंगाची. मादीची पाठ हिरवीच. पानांत बसली की माझ्यासारखा फसायचाच. तिथे पायच उपयोगी पडतात.

वड, पिंपळ, उंबर दोघांनाही प्रिय. दोघांचा आवाज घुमण्याचा नाही, मंजुळ शिट्टीचा. फळे खाणारा पक्षी बी पसरवतो, अशी आपली समजूत. पण हिरव्या कबुतरांच्या पोटातले जाते बळकट असते, पुष्कळसे बी त्यात दळले जाते. (हरियल जमिनीला पाय लावत नाही, ही कथाही अशीच. तहान लागली की उतरतो.)

खरा फरक वस्तीचा. हरियल पाकिस्तानपासून व्हिएतनामपर्यंत पसरलेला, बांधावरच्या एकट्या उंबरावरही निभावून नेणारा. राखी कपाळाचे कबूतर सह्याद्रीच्या आसपासची दमट राने सोडली तर जगात कुठेच नाही. जुन्या पुस्तकांत ते श्रीलंकेतल्या व इतर भाईबंदांसह एकच जात म्हणून नोंदलेले असे. आता ती स्वतंत्र जात मानतात. म्हणजे सह्याद्रीतले संपले तर दुसरीकडून भरून येणार नाही. राज्यपक्षी म्हणून मान मिळाला तो मात्र पिवळ्या पायांना.

आमच्या मागच्या डोंगराचा वरचा पट्टा गेल्या पावसाळ्यानंतर तुटला. वड आमच्या हद्दीत, म्हणून वाचला. यंदा मे महिन्यात काका आणि मी त्याच्याखाली खुर्च्या टाकून बसलो. पिवळे पाय सात पक्ष्यांचे मोजले, तांबडे दोघांचे. एका सकाळच्या मोजणीने काही सिद्ध होत नाही, हे मी काकांना सांगितले. ते या वेळी हसले नाहीत.